पंधरा वर्षांच्या टीटीला रोज कामाला जुंपायचं तर

बडोद्यात मांजलपूर ते मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. सकाळी सव्वाआठला जायचं, दुपारी जेवायला घरी, पुन्हा कामावर, संध्याकाळी सातला परत. महिन्यातून दोनदा एक्सप्रेसवेने अहमदाबाद. गेली चार वर्षं हे सगळं २०११ची ऑडी टीटी करते आहे. दोन दारं, मागे नावापुरत्या दोन सीट, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २११ अश्वशक्ती आणि चारही चाकांना ताकद. आई तिला कासव म्हणते, कारण गॅलरीतून ती तशीच दिसते. माझं जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन, त्यामुळे हात काळे करायची सवय आहे. पण मी गाड्यांचा मेकॅनिक नाही. जे शिकलो ते चुकत शिकलो. अशी गाडी ज्यांना रविवारी पुसून ठेवायला नको, रोज पळवायला हवी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो.

ही गाडी म्हातारी होते ती रबरात, प्लॅस्टिकमध्ये आणि तेलात. धातूचं फारसं काही बिघडत नाही. तेव्हा पहिला पैसा न दिसणाऱ्या गोष्टींवर जायला हवा. रंग, रिम, सायलेन्सरचा आवाज हे सगळं शेवटी. मी उलटं केलं. घेतल्या घेतल्या चकचकीत १९ इंची रिम बसवले आणि दीड महिन्यात जांबुवा पुलाच्या अलीकडच्या खड्ड्यात त्यातला एक वाकवला. त्याच पैशात गिअरबॉक्सचं तेल आणि पुढच्या चाकांच्या सांध्यांतले सगळे रबरी बुश झाले असते.

घेताना तपासायचं कसं, ते आधी सांगतो. जुन्या गाडीला पुट्टी लावली आहे का हे बघायला आपण लोहचुंबक फिरवतो. टीटीच्या या दुसऱ्या पिढीला, म्हणजे २००६ नंतरच्या गाडीला, ती युक्ती निम्मीच लागू पडते. तिची बॉडी ॲल्युमिनियम आणि पोलाद मिळून बनलेली आहे. बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे, तर दारं, डिकीचं झाकण आणि मागची फरशी पोलादाची. पुढचं इंजिन जड, म्हणून वजन सारखं वाटलं जावं यासाठी मुद्दाम तसं केलेलं आहे. म्हणजे बॉनेटला चुंबक चिकटला नाही तर घाबरायचं कारण नाही, आणि चिकटला तर मात्र बॉनेट बाहेरचं आहे. मला गाडी दाखवणाऱ्या एजंटने अगदी ऐटीत बॉनेटवर चुंबक ठेवला, तो घसरून खाली पडला, आणि त्याचाच चेहरा उतरला. मी मनातल्या मनात खूश झालो. पुढच्या भागासाठी रंगाची जाडी मोजणारं यंत्र लागतं, तेही ॲल्युमिनियमवर चालणारं. रंगवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. आणि पुढचा फेंडर पोचला असेल तर गल्लीतल्या डेंटरच्या हातोडी-गॅसच्या वाटेला जाऊ नका. ॲल्युमिनियम पोलादासारखं मागे येत नाही, ताणून पातळ होतं आणि तडकतं. सरळ फेंडर बदला, तो बोल्टवर असतो.

दुसरी तपासणी बडोद्यात कुणाला वेगळी सांगायला नको. ३१ जुलै २०१९ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ला विश्वामित्री नदी पुन्हा घरात शिरली. दोन्ही वेळा नदीतल्या मगरींबरोबर पुष्कळ गाड्याही पाण्यात होत्या, आणि त्या गाड्या कुठेतरी धुऊन-पुसून विकल्या गेल्याच आहेत. गालिचा नवा दिसला की मी आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. वरचा भाग पुसलेला असतो, पण खाली गुंडाळीत राहिलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच असते. मग सीटच्या रुळाचे बोल्ट बघतो आणि डिकीतला गालिचा उचलून खालचा खळगा. तिथे वाळलेली पिवळी माती दिसली तर चहा घ्यायचा, नमस्कार करायचा आणि निघायचं. पूर्ण बुडालेल्या गाडीची वायरिंग दोन वर्षांनीही दगा देते.

सौदा झाला की पहिल्याच आठवड्यात टायमिंग चेनचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करणाऱ्या साखळीचा, निकाल लावा. या इंजिनात पट्टा नाही, साखळी आहे, म्हणून लोक निर्धास्त असतात. साखळी ताणून धरणारा टेन्शनर हीच याची दुखरी नस. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खळखळाट झाला तर पुढे चालवू नका. साखळी दात चुकली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच जातं. खालच्या टायमिंग कव्हरला एक छोटं बूच असतं. ते काढून आरशाने टेन्शनर जुन्या बनावटीचा आहे की सुधारित, ते दिसतं. गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरवर ब्लॉक ९३मध्ये कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, कोन दिसतो, तो एकदा लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी ताडून पाहा. आकडा सरकत चालला म्हणजे साखळी लांबते आहे. माझ्या गाडीत टेन्शनर जुनाच होता. बदलला, तेव्हा कुठे रात्री झोप लागली.

इंजिन ऑइल ४.६ लिटर लागतं. ५डब्ल्यू-४०, डब्यावर ५०२ ०० हे मानक छापलेलंच घ्या. पुस्तकात १५,००० किलोमीटरचा हिशेब आहे. मी ७,५००ला बदलतो, कारण माझ्यासारख्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल धड तापतच नाही आणि त्यातलं पाणी-पेट्रोल उडून जात नाही. हे इंजिन थोडं तेल पितं, ते गृहीत धरा. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचं खाणं चालवून घेतलेलं आहे, पण तेवढं होत असेल तर मी ते चालवून घेणार नाही. आधी स्वस्तातली तपासणी करा. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण उचलून बघा. ते आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखं घट्ट बसलं असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर वर बसवलेल्या पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातल्या वाफा परत ओढणाऱ्या झडपेचा, पडदा फाटला आहे. तो बदलणं तासाभराचं काम. त्याने फरक पडला नाही तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, आणि मग तेल परत खाली नेणारी रिंगांची बारीक भोकं तुंबण्याची जुनी कहाणी सुरू होते. माझी गाडी अडीच हजाराला अर्धा लिटर पिते. डिकीत एक लिटरचा डबा ठेवतो आणि दर दुसऱ्या रविवारी डिपस्टिक बघतो.

आता गिअरबॉक्स. इथे जरा थांबणार आहे, कारण याच्याइतकं चुकीच्या पद्धतीने केलेलं काम मी दुसरं पाहिलं नाही. हा दोन क्लचचा सहा गिअरवाला डबा आहे आणि त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात. म्हणून दर ६०,०००ला तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. आधीच्या मालकाने एका गॅरेजमध्ये ते करून घेतलं होतं, बिल होतं, तरी माझी गाडी सिग्नलला थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का देत होती. कारण साधं निघालं. तिथे पाच लिटर मोजून ओतलं होतं आणि पातळी बघितलीच नव्हती.

या डब्याला डिपस्टिक नसते. खालचं ड्रेन बूच काढलं की आत एक प्लॅस्टिकची नळी असते, साधारण करंगळीएवढी, आणि तिचं वरचं टोक हीच तेलाची योग्य पातळी. आधी बूच काढायचं, मग ॲलन कीने ती नळी फिरवून बाहेर घ्यायची, तेव्हा खरं तेल गळायला लागतं. सगळं उतरलं की नळी परत बसवायची, हलक्या हाताने, प्लॅस्टिक आहे. नवा फिल्टर, मग नवं तेल, पाच लिटरच्या थोडं वर. मग इंजिन सुरू करून ब्रेक दाबून ठेवत पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह असं प्रत्येकावर दोन-तीन सेकंद थांबत फिरवायचं, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान लावून ठेवायचं. ते ३५ ते ४५ अंशांच्या मधे असताना, इंजिन चालू ठेवूनच खालचं बूच उघडायचं. जास्तीचं तेल नळीवरून ओसंडून धारेने पडतं. धार बारीक होते, मग थेंबाथेंबाने पडायला लागतं. धारेचे थेंब झाले की त्याच क्षणी नवं वॉशर लावलेलं बूच बंद करायचं.

यात बडोद्याची खोड अशी की मे महिन्यात माझ्या शेडमध्ये दुपारी नुसती हवाच ४३ अंश असते. गाडी सुरू करून गिअर फिरवेपर्यंत तेल पन्नाशीला जातं. तापलेलं तेल फुगतं, त्यामुळे नको तेवढं बाहेर पडतं, आणि गार झाल्यावर डबा अर्धपोटी राहतो. नंतर तोच धक्का. म्हणून हे काम मी जानेवारीत, सकाळी सातला केलं. रात्रभर गाडी शेडमध्ये उभी, हातात चहा, आणि स्कॅनरवर १६ अंशांवरून आकडा सावकाश चढताना बघत बसलो. ३८ला बूच उघडलं. गाडी सपाट हवी, हे सांगायचं राहिलं. पुढून जॅकवर उचलून पातळी बघितलीत तर सगळी मेहनत फुकट. चारही बाजूंनी सारखी उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, ठेवा आणि उंबऱ्यावर पाणपातळी ठेवून बघा. घोडीशिवाय नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हे मी माझ्या पोरांनाही दहा वेळा सांगतो.

मागच्या चाकांना ताकद देणारं हॅल्डेक्सचं युनिट वेगळं, त्याचं तेल वेगळं, जेमतेम पाऊण लिटर. ते बहुतेक जण बदलतात, पण आतल्या छोट्या पंपाची जाळी कुणी काढत नाही. क्लचचा काळा गाळ त्या जाळीवर बसतो, पंप जोर लावून लावून मरतो, आणि डॅशबोर्डवर दिवाही लागेलच असं नाही. पहिल्या पावसात सिग्नलवरून निघताना पुढची चाकं सरसरली तर ओळखा. तेल काढलंच आहे तर पंप खोलून जाळी धुवा, दोन बोल्टांचं काम आहे.

कूलंटची गळती शोधायला नजर इंटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, खाली हवी. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांचं घर प्लॅस्टिकचं आहे, आपल्या उन्हात ते वाकतं, तडकतं. टपकत नाही, नुसतं पाझरतं आणि सुकून गुलाबी खडीसाखरेसारखा थर बसतो. आठवड्याला टाकीची पातळी थोडी थोडी उतरत असेल आणि जमिनीवर डाग नसेल तर तिथेच बघा. टाकीत बोअरिंगचं पाणी ओतू नका, त्यातला क्षार रेडिएटरमध्ये बसतो. मूळ जातीचं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

हे घर बदलायला मॅनिफोल्ड काढावाच लागतो, आणि तो निघाला की इंटेक व्हॉल्व्ह समोर उघडे दिसतात. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत आणि तेलाच्या वाफेने त्यांच्यावर डांबरासारखी काजळी चढते. माझ्याकडे ७८,०००ला तिचा थर अक्षरशः तव्याच्या काठासारखा होता. साफ करायला अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. तो काजळी ओरबाडतो पण धातूला ओरखडा पाडत नाही. ज्या सिलिंडरवर मारायचं त्याचे व्हॉल्व्ह बंद आहेत ना, हे इंजिन हाताने फिरवून आधी बघा, नाहीतर भुगा आत जाईल. व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावून एकेक पोर्ट केला, सकाळचे चार तास गेले. शेवटी कोपऱ्यात लपलेला मॅनिफोल्डच्या आतल्या झडपेचा सेन्सरही तेव्हाच तपासा. स्कॅनरवरचा पी २०१५ हा कोड त्याचाच. एका गोष्टीसाठी जे उघडलं त्याच्या मागचं सगळं तेव्हाच करून घ्यायचं. पण दोन वेगवेगळ्या जागा एकाच शनिवारी उघडायच्या नाहीत. ब्रेकही खोललेले आणि मॅनिफोल्डही काढलेला असं झालं की सोमवारी ॲक्टिव्हा काढावी लागते.

आता बुशची माझी फजिती. पुढच्या लोअर आर्मचे, म्हणजे चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे, बुश फुटले होते, खड्ड्यात ठक्कन आवाज, ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला. लेथवर मी माइल्ड स्टीलची एक वाटी आणि एक ढकलणारा तुकडा घडवला, व्हाइसमध्ये धरून जुने बुश बाहेर काढले, नवे बसवले. बाजारातल्या प्रेस टूलपेक्षा सुबक झालं, म्हणून दोन दिवस मिरवत होतो. गाडी हवेत असतानाच बोल्ट कसले आणि काम संपवलं. चार महिन्यांत दोन्ही बुश फाटले. कारण रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला दोन्हीकडे चिकटवलेलं असतं. बोल्ट कसला की आतली नळी जागेवर घट्ट होते. आर्म लटकत असताना कसला, मग गाडी चाकांवर उतरली आणि आर्म वर गेला, म्हणजे रबर कायमचं पिळलेलं राहिलं. माझ्या मेकॅनिकने बघितलं आणि एवढंच म्हणाला, "काका, टॉवेल पिळून दोरीवर टाकलात." तेव्हा बोल्ट हाताने लावायचे, गाडी तिच्या वजनाने चाकांवर उभी करायची, मी रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन तुकडे चाकांखाली ठेवतो, आणि मग खाली जाऊन कसायचे. हे बोल्ट आधी ठराविक टॉर्कला आणि मग कोनात फिरवायचे असतात, ताणले जातात, म्हणून दर वेळी नवे. मागच्या आर्मना हाच नियम. चाकांच्या बोल्टना १२० न्यूटन-मीटर, आणि दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पाना लावून बघा.

टायरबाबत माझं मत ठाम आहे, बडोद्याच्या रस्त्यांवर १७ इंची. २४५/४० आर१८ची बाहेरची उंची ६५३ मिलिमीटर भरते आणि २४५/४५ आर१७ची ६५२, म्हणजे स्पीडोमीटरला फरक कळत नाही, पण टायरची भिंत सव्वा सेंटिमीटर वाढते. रिम ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना, ते आधी बसवून बघा. विकत घेताना टायरवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. अगदी नवा दिसणारा पण सहा वर्षं गोदामात पडलेला टायर स्वस्तात मिळतो, तो या गाडीला नको.

पेट्रोल टाकताना टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेला ऑक्टेन वाचा आणि त्याच्या खाली उतरू नका. टर्बो गाडी कमी ऑक्टेनवर स्वतःला सांभाळून घेते, पण ताकद आणि सरासरी दोन्ही घालवते. मला लिटरमागे शहरात आठ, एक्सप्रेसवेवर साडेबारा किलोमीटर मिळतात. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आहे आणि ही गाडी त्याच्या कितीतरी आधीची. मी टाकीपासूनचे जुने रबरी पाइप बदलून घेतले आणि गाडी तीन आठवडे एकाच पेट्रोलवर उभी ठेवत नाही, कारण इथेनॉल पाणी धरून ठेवतं.

पावसाआधी, म्हणजे जूनच्या पहिल्या रविवारी, काचेच्या खालच्या पन्हळीतली पानं उपसा. आमच्या सोसायटीतला गुलमोहर तिथे अख्खा वर्षभर झडत असतो. भोकं तुंबली की पाणी केबिनच्या पंख्यात आणि पायाखाली जातं. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी दिसलं तर वळून परत जा. आणि पाण्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करून बघायचा मोह टाळा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. २०२४च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायची बातमी आल्यावर मी मध्यरात्री गाडी लालबागच्या पुलावर नेऊन लावली. माझ्यासारखे अनेक जण आधीच तिथे आले होते, रांगच लागली होती. सकाळी घराखाली कमरेएवढं पाणी.

मागचा स्पॉयलर १२० किलोमीटरला आपोआप वर येतो. एक्सप्रेसवेची मर्यादा १००, तेव्हा तो कायद्याने कधी वर यायलाच नको. पण महिन्यातून एकदा बटणाने वर-खाली करून रुळांना ग्रीस लावा, नाहीतर अडकतो.

कागदांचं थोडक्यात. नोंदणी १५ वर्षांची असते, ती संपायच्या आधी फॉर्म २५ भरून गाडी दरजीपुऱ्याच्या आरटीओत दाखवायची, म्हणजे पुढची पाच वर्षं मिळतात. फिटनेसला जाण्याआधी नंबरप्लेटचे दिवे, हॉर्न आणि पीयूसी बघून घ्या, एवढ्यावरून परत पाठवतात. माझी याच वर्षी आहे.

सध्या डाव्या दाराच्या काचेचं दुखणं आहे. या गाडीच्या दाराला वर चौकट नाही, म्हणून हँडल ओढलं की काच आधी बोटभर खाली सरकते आणि मग दार उघडतं. कुलपातला छोटा स्विच गेला की काच खाली येत नाही आणि दार लावताना ती छताच्या रबरावर आपटते. स्विच कुलपाच्या आत बंद असतो, कुलूप पूर्ण नवंच विकतात. मी जुनं कुलूप खोलून बघितलं, आतला स्विच चाळीस रुपयांच्या साध्या मायक्रोस्विचसारखाच आहे. रविवारी सोल्डर करून बघणार. तोवर आईला डाव्या बाजूने बसवताना मी बटणाने काच खाली घेऊन देतो.